कागदाला हात लागलेला दिसला पाहिजे

नियुक्तीबद्दल आधी तुमचं हार्दिक अभिनंदन. नक्की कुठल्या पदावर नियुक्ती झाली ते विचारत नाही, कारण ‘प्रभारी कार्याध्यक्ष, विद्यापीठ विभाग (पूर्व)’ म्हणजे काय हे तुम्हालाही अजून उलगडलं नसणार. पण फाटकासमोरचा फ्लेक्स पाहिला. गॉगल चांगला आहे. खाली अठरा शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आहेत, म्हणजे संघटना भक्कम आहे. आता विद्यार्थ्यांचे प्रश्न सोडवायचे तेवढे राहिले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी स्वतः एक वर्ष कॉलेजचा जी.एस., म्हणजे विद्यार्थ्यांचा सचिव होतो. एकही प्रश्न न सोडवता ते वर्ष कसं पार पाडायचं, हे माझ्याइतकं नीट तुम्हाला कोणी सांगणार नाही.

निवडून यावं लागेल ही भीती आधी मनातून काढा. आमच्या वेळी १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा होता. त्याआधीच्या निवडणुकांत राडे फार व्हायचे, म्हणून मतपेटीच काढून टाकली आणि आदल्या परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला वर्गप्रतिनिधी करायची सोय केली. काय डोकं लावलं होतं बघा! परीक्षा विभागाची खिडकी कुठल्या मजल्यावर आहे हेही ज्याला माहीत नाही, तो चार-चार विषय राहिलेल्यांचा प्रतिनिधी. मी असाच झालो. निम्मा वर्ग विषय राहून एटीकेटीवर पुढच्या वर्षात आला होता आणि मला एटीकेटी म्हणजे कुठलीतरी स्पर्धा परीक्षा वाटत होती. मग आम्हा गुणवंतांनी आपल्यातूनच सचिव निवडला. मी नऊ विरुद्ध सात मतांनी आलो. त्या सातांतलं एक मत माझंच होतं. स्वतःला मत द्यायला संकोच वाटला.

पुढे २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, १ मार्च २०१७ ला लागू झाला आणि कलम ९९ ने विद्यार्थ्यांना पुन्हा मत द्यायचा हक्क दिला. २०१९ साली निवडणुका होणार असं ठरलंसुद्धा. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली. एका राज्याला एका वेळी किती लोकशाही झेपणार? कॉलेजची पुढे ढकलली. पुढच्या वर्षी कोरोना आला. तेव्हा निवडणूक झाली तर उत्तम, नाही झाली तर त्याहून उत्तम. नियुक्तीपत्राला मतमोजणी लागत नाही.

समजा झालीच, तर लिंगडोह समितीच्या शिफारशी पाठ करून ठेवा. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची ही समिती, आणि तिच्या शिफारशी अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं. उमेदवाराने जास्तीत जास्त ५,००० रुपये खर्चायचे. तेवढ्यात तुमच्या गॉगलचा फ्लेक्ससुद्धा होणार नाही, पण फ्लेक्स शुभेच्छुकांचा असतो, उमेदवाराचा नसतो. छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलं चालतं. फ्लेक्स हातानेच बांधतात. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी. निवडून आलेल्याने वर्गात बसावं असं मात्र कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. आणि पदाधिकारी म्हणून उभं राहायची संधी एकदाच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पद एक वर्ष टिकतं, ‘माजी’ आयुष्यभर टिकतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर होतं.

आता मुख्य काम, म्हणजे निवेदन.

निवेदनाचे तीन भाग असतात: विषय, मजकूर आणि ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’. नवशिके मजकुरावर वेळ घालवतात. तुम्ही सगळी ताकद तिसऱ्या भागात लावा. आमचं पहिलं निवेदन मुलींच्या कॉमन रूममधल्या गळक्या नळाबद्दल होतं. मजकूर सव्वादोन ओळींचा. प्रत मात्र मा. राज्यपाल तथा कुलपती, मा. मुख्यमंत्री, मा. शिक्षणमंत्री, मा. पालकमंत्री, मा. कुलगुरू, मा. कुलसचिव, मा. जिल्हाधिकारी आणि मा. पोलीस निरीक्षक. पोलीस निरीक्षक कशाला, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. त्याला पुढच्या बैठकीचा निरोपच गेला नाही. प्लंबरला प्रत द्यायचं कोणाला सुचलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील’ हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. नळ आहे, गळतोय, म्हणून गाळायचं नाही. मुदत ‘येत्या आठ दिवसांत’ अशी घाला, पण निवेदनावर तारीख टाकू नका. तारीख असली की आठ दिवस कधी संपले ते कोणीही मोजतो.

मग फोटो. खरी कसोटी इथे लागते. प्राचार्य टेबलापलीकडे, उभे. ते बसूनच घेतो म्हणाले तर दोन मिनिटं थांबा. कॅमेरा दिसला की उठतात. कागद मधोमध, किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेला. आणि प्रत्येकाचा कागदाला हात लागलेला दिसला पाहिजे. ज्याचा हात लागला नाही त्याने त्या वर्षी काय काम केलं, असं उद्या कोणी विचारलं तर तो दाखवणार काय? ए-फोर कागदाची लांब बाजू जेमतेम ३० सेंटिमीटर भरते. त्यातला एक कोपरा प्राचार्यांचा. उरलेल्या जागेत नुसती नखं टेकवली तरी सहा-सात माणसं बसतात आणि आम्ही अकरा होतो. मागच्या चौघांनी पुढच्यांच्या कोपराला हात लावला. तो कोपरातून कागदापर्यंत पोचतो, वीज पोचते तसा, असं आमच्या सांस्कृतिक प्रतिनिधीचं म्हणणं पडलं. तो विज्ञान शाखेचा होता, म्हणून आम्ही मानलं.

फोटो झाला की निवेदन टेबलावरच सोडून निघा. एखादा जुना कारकून हळूच सांगेल, ‘पोरांनो, दोन प्रती करा, आवक-जावकला द्या, एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन जा.’ त्या माणसापासून चार हात लांब राहा. क्रमांक पडला की कागद फाइलला लागतो, फाइल कोणाच्या तरी टेबलावर जाते, आणि पंधरा दिवसांनी त्या टेबलाशी जाऊन ‘या क्रमांकाचं काय झालं?’ असं विचारायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे तुम्ही. क्रमांकच नसेल तर तेच निवेदन दर वर्षी नव्याने देता येतं. आमच्या नळाचं निवेदन माझ्यानंतर तिघा जी.एस.नी दिलं. तिन्ही फोटो छान आलेत. तिसऱ्यात प्राचार्य बदललेत, नळ तोच आहे.

एक धोका मात्र वेळीच सांगून ठेवतो. काही विद्यार्थी एकेकटे येतात.

माझ्याकडे एस.वाय.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली होती. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, घड्या घालून घालून मधोमध विरत आलेली. अर्थशास्त्रापुढे ‘अनुपस्थित’ लागलं होतं. ‘दादा, मी पेपर दिलाय,’ म्हणाली. ‘सहा नंबरचा ब्लॉक, खिडकीकडची रांग. पुरवणीपण घेतली होती.’ विद्यापीठात जाऊन आली होती. तिथे म्हणाले, त्या दिवसाचं हजेरीपत्रक कॉलेजने सही-शिक्क्यानिशी पत्रासोबत पाठवावं. कॉलेजचा परीक्षा विभाग म्हणत होता, तसं विद्यापीठाचं पत्र आणा. हजेरीपत्रकांचे गठ्ठे जिन्याखालच्या लोखंडी कपाटात होते आणि कपाटाची किल्ली ज्या सरांकडे होती ते फक्त गुरुवारी यायचे.

‘असे किती जण आहेत?’ मी विचारलं.

‘मी एकटीच.’

‘मग अवघड आहे. पन्नास-साठ असते तर लगेच निवेदन दिलं असतं.’

‘निवेदन नको, दादा. गुरुवारी फक्त माझ्याबरोबर याल का? मला एकटीला आत घेत नाहीत.’

कसं कैचीत पकडतात बघा. एका मुलीबरोबर जिन्याखाली जाऊन धुळीत गठ्ठे उपसायचे, सहा नंबरचा ब्लॉक शोधायचा, तिची सही सापडली की पत्र टाइप करून घ्यायचं, प्राचार्यांची सही मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं, मग ते पाकीट विद्यापीठात नेऊन पोच घ्यायची. दोन दिवस गेलेच. आणि फोटो कशाचा काढणार? कपाटाचा? शिवाय गुरुवारी गॅदरिंगच्या टी-शर्टचा रंग ठरवायची बैठक होती. (निळा ठरला.)

अशा वेळी ‘बघतो’ म्हणायचं. ‘होईल’ म्हटलं तर माणूस ‘कधी?’ विचारतो. ‘नाही’ म्हटलं तर दुसरीकडे जातो. ‘बघतो’ म्हटलं की तो वाट बघतो. मीही तिला तेच म्हणालो.

अडचण अशी की दुसरीकडे जायच्या जागा हल्ली फार वाढल्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम काढले. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. त्या समितीवर एक विद्यार्थीही विशेष निमंत्रित असतो. बैठकीला नुसतं बसायचं, हार नाही, सत्कार नाही. चुकून तुमचं नाव तिथे जाऊ लागलं तर तब्येतीचं कारण सांगा. माहितीचा अधिकार तर त्याहून वाईट. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, आणि स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका त्यातून बघायला मिळते असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. हे वसतिगृहातल्या एका पोराला कळलं की रात्रीत पूर्ण मजल्याला कळतं. मग पोरं आपापले अर्ज आपणच करणार, आणि तुमच्या मागे घोषणा द्यायला उरणार कोण? सूचना फलकावर हे नियम कोणी लावलेच, तर त्यावर तुमच्या वाढदिवसाचं पोस्टर नेमकं कसं बसतं ते मापून घ्या.

मोठ्या प्रश्नांना मात्र सोडू नका. मोठ्या प्रश्नाचा फायदा हा की तो तुमच्याच्याने सुटावा अशी कोणाची अपेक्षा नसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल अडकले. कुलपतींनी ३१ जुलैपर्यंत निकाल लावा म्हणून बजावलं, ती तारीखही गेली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंचाच निकाल लागला. काय ते दिवस! हजारो पोरं हवालदिल, रोज चॅनेलच्या गाड्या दारात. ठिय्या मारायला याहून चांगला हंगाम नाही. ज्या पोरांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले होते ती आत खिडकीशी रांगेत उभी असतात, त्यामुळे बाहेर पायरीवर बसायला जागाही ऐसपैस मिळते.

गॅदरिंग, फ्रेशर्स, निरोप समारंभ, रक्तदान शिबिर हे तुम्हाला येतंच. बॅनर एकच करा आणि तारखेवर पट्टी चिकटवा. वसतिगृहाच्या मेसबद्दल बोलायचं तर आधी रेक्टरांकडे जेवून या.

फोटोबद्दल एक सांगायचं राहिलं. नळाच्या निवेदनाचा आमचा फोटो गावातल्या पेपरात आला होता, दोन कॉलम. आईने मूळ प्रत मोठी करून घेतली, फ्रेम केली. अजून घरी दिवाणखान्यात आहे. गेल्या दिवाळीत भाची आली, ती खुर्चीवर चढून फ्रेमला नाक लावून बघत बसली. अकरा जणांतला मामा तिने लगेच ओळखला. अंगठा अगदी कागदाच्या कडेवर आहे. मग म्हणाली, ‘मामा, ही मागे कोण?’

प्राचार्यांच्या खांद्यामागे केबिनचं दार उघडं राहिलंय. बाहेर परीक्षा विभागाची खिडकी दिसते, आणि खिडकीपाशी एक मुलगी उभी आहे. हातात घडी घातलेला कागद. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय आणि ती आमच्याकडे.

‘असेल कोणीतरी,’ मी म्हणालो.

तर तुम्ही आधी दार लोटून घ्या. विसरलात तरी हरकत नाही, हल्ली फोनवर हवं तेवढं कापता येतं. माझी फ्रेम मागून खिळे ठोकून बंद केलेली आहे, तिची सोय आता होत नाही.