रॅडबर्नचे ५९ विजय फुकटचे नव्हते

बेसबॉलच्या जुन्या विक्रमांचा विषय निघाला की एक दावा हटकून फिरतो. चार्ल्स रॅडबर्न या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, (लोक त्याला 'ओल्ड हॉस' म्हणत) १८८४ च्या एकाच हंगामात प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघासाठी ५९ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये संघाचा विजय एका पिचरच्या नावावर मांडतात), पण त्यात काही दम नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. कारणं ठरलेली: पिचर जवळून टाकायचे, हात खाली ठेवून अलगद टाकायचे, त्यामुळे हाताला ताण नव्हता, आणि तेव्हा सगळेच पिचर रोज खेळायचे. त्या खेळाडूवर हा सरळ अन्याय आहे.

अंतराचं म्हणणं खरं आहे. तेव्हा पिचरच्या चौकटीची पुढची रेघ होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपासून, ५० फुटांवर होती. आज हे अंतर ६० फूट ६ इंच आहे. पण ती चौकट लीगमधल्या प्रत्येक पिचरसाठी तेवढीच होती. शिवाय चेंडू उंच हवा की खाली, हे बॅटर मागून घेऊ शकत होता, आणि मागे उभे असलेले बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेत होते. ही सवलत मात्र कुणी मोजत नाही.

'हात खाली' हे ऐकलं की आपल्या क्रिकेटवेड्या डोक्यात १९८१ मधला ट्रेव्हर चॅपलचा जमिनीवरून सरपटत गेलेला चेंडू येतो. बेसबॉलमध्ये तसं काही नव्हतं. चेंडू टप्पा न पडता जायचा, मनगटाच्या झटक्याने वळायचा, आणि पिचरला चौकटीच्या आत पावलं घेऊन जोर लावता यायचा. १८८४ मध्येच नॅशनल लीगने, म्हणजे ग्रेज खेळत होते त्या लीगने, हात खांद्याच्या वर नेण्याचीही मुभा दिली. रॅडबर्न बहुतेक चेंडू खालून किंवा कडेने टाकायचा, तरी त्या हंगामात ४४१ बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. अलगद फेकलेल्या चेंडूंवर हे घडत नाही.

ताणाबद्दल तर बोलायलाच नको. हंगामाच्या उत्तरार्धात त्याला केस विंचरायला हात वर नेता येत नव्हता, अशी आठवण सांगितली जाते. सामन्याच्या दिवशी तो इतरांच्या कितीतरी आधी मैदानावर यायचा. चेंडू टाकायची सुरुवात अगदी काही फुटांवरून. मग थोडं मागे, आणखी मागे, दुसऱ्या बेसपाशी, आणि शेवटी पार सेंटरफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागाच्या, अलीकडून. हात असा मोकळा केल्यावरच तो सामन्याच्या नऊ इनिंग, म्हणजे नऊ पाळ्या, टाकायला उभा राहायचा. हंगामात अशा ६७८ हून जास्त इनिंग झाल्या आणि ७३ सामने त्याने एकट्याने पूर्ण केले.

'सगळेच रोज खेळायचे' हा मुद्दा सगळ्यात लंगडा आहे. जुलैपर्यंत ग्रेजकडे चार्ली स्वीनी हा दुसरा तगडा पिचर होता, आणि त्या महिन्यात रॅडबर्नला संघाने निलंबित केलेलं होतं. २२ जुलैला सामना चालू असताना स्वीनीला जागा बदलायला सांगितलं. दुखापतीशिवाय बाहेरचा खेळाडू आत आणायला नियमाने बंदी होती; पिचर बदलायचा तर मैदानावरच्याच कुणाशी अदलाबदल करावी लागे. स्वीनी नाही म्हणाला आणि निघून गेला. ग्रेजने उरलेला सामना आठ जणांनी खेळला आणि हरला. मग रॅडबर्नने अटी घातल्या: जादा पैसे आणि हंगाम संपल्यावर करारातून मोकळीक. ते मान्य झाल्यावर अजिंक्यपद पक्कं होईपर्यंतच्या ४३ सामन्यांपैकी ४० त्याने सुरू केले आणि त्यांतले ३६ जिंकले. माझ्या मते त्याने पैसे मागितले हे योग्यच केलं. कष्ट त्याच्या हाताचे होते.

गाय हेकर या दुसऱ्या लीगमधल्या पिचरने त्या वर्षी जवळपास तेवढ्याच इनिंग टाकल्या, हे मान्य. त्याचे विजय ५२, बफेलोच्या पड गॅल्विनचे ४६. म्हणजे भार इतरांनीही उचलला, पण ५९ पर्यंत कुणी पोचलं नाही. आणि तो भार हलका होता म्हणणाऱ्यांनी पुढची वर्षं पाहावीत. स्वीनीने १८८४ मध्ये दोन संघांकडून मिळून ४१ सामने जिंकले. त्यानंतर उभ्या कारकिर्दीत फक्त १६. हेकरचे विजय दरवर्षी घटत गेले. रॅडबर्नही पुन्हा कधी एका हंगामात ३० विजयांपर्यंत पोचला नाही, पण १८९१ पर्यंत टाकत राहिला आणि ३०९ विजयांवर थांबला.

राहिला ५९ की ६० हा वाद. एका सामन्यात सायक्लोन मिलरने पहिल्या पाच इनिंग टाकल्या आणि आघाडी घेऊन तो थांबला. उरलेल्या चार रॅडबर्नने टाकल्या. विजय कुणाच्या नावावर मांडायचा याचा पक्का नियम तेव्हा नव्हता, म्हणून जुन्या नोंदीत ६० दिसतात. आजच्या नियमाने तो मिलरचा, म्हणून मी ५९ लिहितो.