२१ दिवसांत जीभ बदलत नसते

'२१ दिवस धान्य, डाळी, दूध आणि साखर पूर्ण बंद. २२व्या दिवसापासून चुकीचं खाणं आपोआप सुटतं, ते आयुष्यभरासाठी.' हा मेसेज आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर कधीपासून फिरतोय. फिरू दे म्हटलं. पण परवा कळलं की आत्तीनं सकाळची भाकरी बंद केलीय. आत्ती पंचाहत्तरीला टेकलेली, शुगरची गोळी चालू, त्यात गळ्यात माळ. आता बोलायलाच पाहिजे.

सगळ्यांत घातक वाक्य आधी घेतो. 'घाम, थरथर, चक्कर आली तर घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय.' अहो, विष कसलं? ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी पोटात गेली की ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही भाकरी खाल्ली का उपाशी आहात, हे ती विचारत बसत नाही. खाणं तोडलं आणि गोळी तशीच ठेवली, तर रक्तातली साखर ७०च्या खाली जाऊ शकते आणि तेव्हा नेमका हाच घाम, हीच थरथर सुटते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर चहाचे तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी शुगर बघायची, वाढली नसेल तर परत पाजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. आणि मेसेज पाळणारा माणूस नेमका साखरेलाच हात लावणार नाही! विष बाहेर टाकायला लिव्हर आणि किडनी आहेत, त्या रोजच कामावर असतात.

आता हा २१चा आकडा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६०च्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत गळालं आणि नाकाच्या ऑपरेशनचा हिशेब आमच्या भाकरीला लागला. नीट मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २०१०मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकानं १२ आठवडे रोज ठरलेल्या वेळी एक साधी गोष्ट करायची, जसं जेवणाबरोबर फळ खायचं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब. बरं, ही सवय काहीतरी करायची होती, चार गोष्टी एकदम सोडायची नव्हे. शिवाय एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. मेसेज म्हणतो, एक घास चुकला की पुन्हा पहिला दिवस. असा पहिला दिवस तिसऱ्यांदा उगवला की माणूस मिसळीच्या गाड्यावर दिसतो.

आणि लंडनला तरी कशाला जायचं? आपला श्रावण आहे की. महिनाभर मटण-अंडं बंद, बरेच जण तर गणपती जाईपर्यंत पाळतात. म्हणजे २१च्या वर कितीतरी, तेही श्रद्धेनं. सुटली का कुणाची ओढ? पाळणूक संपल्यावरच्या पहिल्या रविवारी मटणाच्या दुकानापुढची रांग बघा. तांबडा-पांढरा नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्तच जातो.

मुळात हा सगळा प्रकार २००९मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'होल थर्टी' नावाच्या पथ्याची मोडतोड वाटतो. तिथं ३० दिवस धान्य, डाळी, दूध नाही, पण मटण, मासे, अंडी चालतात. माळकरी बाईनं काय खायचं? आमटी गेली, दूध-दही गेलं, शेंगदाणा कडधान्याच्याच कुळातला म्हणून भाजीतलं कूटही गेलं. वर आमच्या हुशारांची भर: 'सेंद्रिय गूळ कितीही चालेल.' मूळ पथ्यात गूळही बंद आहे. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणं धाडसाचं, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो.

'आठवड्यात दोन किलो उतरतात', हे उतरतातही. त्यात बरंचसं पाणी असतं, भात-भाकरी सुरू झाली की परत येतं.

आता मान्य करायचं तेवढं करतो. पोटाच्या तक्रारींत काही पदार्थ थोडे दिवस बंद करून बघणं ही डॉक्टरी रीत आहेच. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, गॅस धरणाऱ्या पदार्थांना कात्री) त्यातलाच, आयबीएसच्या, म्हणजे वारंवार पोट दुखणं-बिघडणं या आतड्याच्या तक्रारीच्या पेशंटसाठी. दोनेक ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून कशानं त्रास होतो ते हुडकायचं. हुडकून झालं की बाकीचं ताटात परत. गव्हाची शंका असेल तर सिलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतडं खराब होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी आधी करा. गहू सोडून बसलात तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि दिवसाचे पाच गोड चहा बंद झाले की बरं वाटतं, हेही खरं. मग चहातली साखर कमी करा की. आमटीनं काय वाकडं केलंय तुमचं?