कोऱ्या माणसाने मत कसं द्यावं

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं? अभिनंदन. शपथ झाली, हातात छोटा झेंडा आला, फोटो घरच्या ग्रुपवर गेला, मामांनी लगेच ‘आपला माणूस!’ असं लिहिलं. आता दारातून बाहेर पडताना कुणीतरी मतदार नोंदणीचा अर्ज हातात ठेवेल. बऱ्याच राज्यांत त्यात एक रकाना पक्षाचा असतो. तिथे कुठे खूण करायची, यासाठी हा सल्ला. तुम्हाला फुकट देतोय, कारण त्याचे पैसे मी 24 जून 2025 रोजी भरून बसलोय.

त्या मंगळवारी न्यूयॉर्कचा पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास होता. महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवणारं मतदान. क्वीन्समधलं आमचं केंद्र शाळेच्या जिममध्ये असतं. (प्रायमरी म्हटलं की आपल्याला शाळाच आठवते, तेवढं तरी जुळलं.) आठ दिवस ग्रुपवर ममदानी की कुओमो यावर भांडलो होतो. पाच उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो, म्हणून नावांची चिठ्ठी करून खिशात ठेवली होती, ती घामाने भिजून खिशाला चिकटली. टेबलामागच्या बाईंनी टॅबलेटवर माझं नाव काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “हनी, यू आर अ ब्लँक.”

म्हणजे मी कोरा. ही शिवी नाही बरं. कुठल्याच पक्षात नाव नसलेल्या मतदाराला न्यूयॉर्कच्या निवडणूक दप्तरात ‘ब्लँक’ म्हणतात, आणि इथे प्रायमरीत मत फक्त त्या पक्षात नाव असलेल्यालाच. शहरात आम्ही असे कोरे दहा लाखांच्या वर आहोत. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, हवं तर प्रतिज्ञापत्राची मतपत्रिका घ्या, भरा, पाकिटात घाला. आणि मग आवाज खाली आणून, “पण ती मोजणार नाहीत.” पाणी पाजून त्यांनी मला परत पाठवलं.

तेव्हा पहिला सल्ला असा, की शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला निःपक्षपाती नागरिक डोक्यातून काढून टाका. ‘मला कुठल्याही पक्षात नाव नोंदवायचं नाही’ या चौकोनात खूण करताना फार सात्त्विक वाटतं, मला माहीत आहे. आम्ही बुवा माणूस बघून मत देतो, असं चहा पिता पिता सांगताही येतं. पण माणूस बघायचा तो जूनमध्ये, आणि जूनमधला बघण्याचा कार्यक्रम फक्त घरच्यांसाठी असतो. तुम्हाला नोव्हेंबरात थेट अक्षता टाकायला बोलावतील.

दुसरं, प्रेम वेळेत व्यक्त करा. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची, किंवा कोऱ्या माणसाने पक्षात शिरायची, शेवटची तारीख आहे 14 फेब्रुवारी. हो, तोच दिवस. जूनच्या प्रायमरीत कोण उभं राहणार हे धड ठरलेलं नसतं तेव्हा तुम्ही कुणाचे ते सांगून मोकळं व्हायचं. वर आणि दुसरीकडे डोळा गेला तर तो पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचा. पूर्वी तर हे याहून कडक होतं. 2016 च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी आदल्या ऑक्टोबरातच पक्ष ठरवायला लागायचा. इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांची ती तारीख चुकली आणि सख्ख्या बापाला प्रायमरीत मत देता आलं नाही. त्यांच्यापुढे आपण कोण, खिशात चिठ्ठी घेऊन फिरणारे?

तिसरं, घर घेताना शाळा आणि इंडियन ग्रोसरीच्या आधी राज्याचा प्रायमरीचा कायदा बघा. व्हर्जिनियात नोंदणीत पक्ष विचारतच नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये आत गेल्यावर गुपचूप कुठल्याही एका पक्षाच्या रकान्यात मत देता येतं. कॅलिफोर्नियात राज्याच्या निवडणुकांसाठी सगळे उमेदवार एकाच यादीत आणि पहिले दोघे पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

पण कॅलिफोर्नियात ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ या नावाला भुलू नका. आपण स्वतंत्र, म्हणून खूण करायला जाल. तो वंशभेदाचा कैवार घेणाऱ्या जॉर्ज वॉलेसने 1968 साली ज्याच्या चिन्हावर निवडणूक लढवली तो पक्ष आहे. 2016 साली लॉस एंजेलिस टाइम्सने त्यातल्या मतदारांना विचारलं, तर चारांतल्या जवळजवळ तिघांना आपण एका पक्षात आहोत हेच ठाऊक नव्हतं.

मुलामुलींची लग्नं जमवताना पक्ष विचारा. जात विचारली तर इथली मुलं चिडतात, पक्ष विचारला तर चिडत नाहीत. स्टॅनफर्डचे शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या पाहण्या शेजारी ठेवून दाखवलं आहे, की 1960 साली सून किंवा जावई दुसऱ्या पक्षातला आला तर वाईट वाटेल असं म्हणणारे दोन्ही पक्षांत शंभरात चार-पाच होते. 2010 मध्ये तेच डेमोक्रॅटांत तेहतीस झाले आणि रिपब्लिकनांत एकोणपन्नास. आपल्या माणसांना हा देश परका वाटायचं खरं तर काही कारण नाही.

एकगठ्ठा मतदान आवडत असेल तर मिशिगन किंवा अलाबामा. पक्षापुढे एक खूण केली की पक्षवार लढवलेल्या सगळ्या जागांचं काम उरकतं.

आता कुणी समजूतदार माणूस तुम्हाला सांगेल, एवढं काय, प्रायमरी ही पक्षाची घरगुती बाब, नोव्हेंबरात सगळ्यांना मत आहे की. असं म्हणणाऱ्याला आधी चहा द्या. मग विचारा, घरगुती बाब आहे ना? मग ती शाळा कुणाची? त्या टेबलावरच्या बाईंचा दिवसाचा भत्ता कुणी दिला? मतपत्रिका छापल्या कुणी, यंत्रं आणली कुणी? सगळं सरकारी पैशातून. म्हणजे माझ्या करातून. पंगतीचा खर्च माझा, आणि ताट मांडल्यावर विचारतात, आपण कुठल्या बाजूचे?

आणि नोव्हेंबरचं कौतुक मला सांगू नका. मतदारसंघांच्या हद्दीच अशा आखलेल्या असतात आणि लोक असे आपापल्या पक्षाच्या वस्तीत राहतात, की बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर हे नुसतं उद्यापन असतं. इथेच क्वीन्स आणि ब्राँक्समधल्या मतदारसंघात 2018 च्या जूनमधल्या प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ यांनी आपल्याच पक्षाचे तेव्हाचे खासदार जो क्राउली यांना पाडलं. सात लाखांच्या आसपास वस्तीचा मतदारसंघ, दोघांची मतं मिळून तीस हजारसुद्धा भरली नाहीत. त्यांचं राजकारण तुम्हाला आवडो न आवडो, काँग्रेसमधली, म्हणजे इथल्या संसदेतली, जागा त्या दिवशीच ठरली. चार वर्षं मागे जा, व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहातले नेते एरिक कँटर असेच प्रायमरीत आपटले. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार घ्या. डेट्रॉइटच्या मतदारसंघात 2022 च्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना साधारण 28 टक्के मतं मिळाली आणि ते जिंकले. नोव्हेंबरात सत्तर टक्क्यांच्या वर मतं घेऊन वॉशिंग्टनला गेले. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर पेढे वाटले गेले, मीही फुलांचं चित्र टाकलं. पण त्यांना खरं निवडलं ते ऑगस्टमधल्या त्या 28 टक्क्यांनी. बाकीच्या 72 टक्क्यांनी दुसऱ्या कुणालातरी मत दिलं होतं आणि तिथले बहुसंख्य लोक तर घरी बसले होते.

बरं, पक्षाला अपक्ष माणसाचं एवढं वावडं असावं, तर उमेदवाराच्या बाबतीत ते कुठे जातं? जूनमध्ये हरलेले कुओमो नोव्हेंबरात अपक्ष म्हणून परत उभे! उमेदवाराला पक्ष सोडून पुन्हा दारात येता येतं. मी मतदार, मी अपक्ष, तर मला जिमच्या दारातून परत. त्याच उन्हाळ्यात शहराची सनद, म्हणजे कारभाराचे मूळ नियम, तपासणाऱ्या आयोगासमोर प्रायमरी सगळ्यांना खुली करण्याचा विषय आला होता. लोकांपुढे मताला न ठेवताच तो गुंडाळला. लोकांना विचारायचं की नाही, हेसुद्धा लोकांना विचारायचं नाही.

सल्ले संपले. मला आता हसू येत नाही.

दोन्ही पक्षवाल्यांनो, तुम्हाला मतदार नकोत, तुम्हाला हजेरीपटावरची नावं हवीत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनच्या गव्हर्नर ला फॉलेटसारख्या माणसांनी उमेदवार ठरवायचं काम चार पुढाऱ्यांच्या बंद खोलीतून काढून लोकांच्या हातात दिलं, म्हणून ही प्रायमरी आली. तुम्ही तिलाच कडी लावून घेतलीत.

आणि आपण? गॅलप या पाहण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं की अमेरिकेतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक सांगतात, आम्ही स्वतंत्र. जरा खोदून विचारलं की त्यातले बहुतेक म्हणतात, तसा माझा कल अमक्या पक्षाकडे, आणि मत त्यालाच घालतात. मीही त्यातलाच. नोव्हेंबरात न्यायाधीशांच्या रकान्यात एक नाव ओळखीचं नव्हतं. माझं बोट पक्षाच्या ओळीवरून सरळ आडवं फिरलं, एका मिनिटात बाहेर. माणूस बघून मत देतो म्हणे! मंडळाच्या गणपतीत तासभर ट्रम्पवर तावातावाने बोलणाऱ्या एकाही मराठी माणसाला त्याच्या भागाचा नगरसेवक कोण ते सांगता येत नाही. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ याला बाणेदारपणा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. तो अर्ज दोन मिनिटांचा आहे. मी तो वाचलासुद्धा नव्हता.

हे सगळं लिहिलं ते पुतण्यासाठी. गेल्या आठवड्यात त्याची शपथ झाली. परवा फोनवर त्याला अर्धा तास हेच समजावलं, तो हो हो म्हणत होता. आज सकाळी त्याने भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. पक्षाच्या रकान्यात, ‘कुठलाही पक्ष नको’ यापुढे छान ठळक खूण. खाली लिहिलंय, “काका, हेच सगळ्यात सेफ वाटलं.”

सेफ? अरे गाढवा, पोस्टात टाकलास का तो? टाकला नसशील तर फाड.