'जोसेफ के'चा अल्बम एकच: एक खुलासा
'जोसेफ के' या स्कॉटिश पोस्ट-पंक (पंक रॉकनंतर आलेल्या संगीतशैलीच्या) बँडने हयातीत दोन अल्बम काढले, असे सध्या फिरणाऱ्या मजकुरात म्हटले आहे. ते बरोबर नाही. एडिनबरोच्या या चौघांनी 'सॉरी फॉर लाफिंग' ध्वनिमुद्रित केला खरा, पण तो फारच गुळगुळीत वाटल्याने बाजूला ठेवून बेल्जियममध्ये नव्याने 'द ओन्ली फन इन टाउन' केला, ज्यात खरखरीत, धारदार गिटारींखाली गायक पॉल हेगचा आवाज जवळजवळ दबून जातो आणि मला तरी तेच विलक्षण भावते. १९८१ मध्ये आलेला हाच त्यांचा एकमेव अल्बम. त्याच वर्षी बँड फुटला. बाजूला ठेवलेला अल्बम पुढे कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झाला. ग्लासगोच्या 'फ्रान्झ फर्डिनांड' या रॉक बँडच्या गिटारींत त्यांचा ठसा आजही स्पष्ट ऐकू येतो.