कुंडीतलं तळं १० मिनिटांत होत नसतंय ओ

आठवडाभरात तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला, काल तर आमच्या काकूंनीच पाठवला आणि खाली लिहिलं "तू करतोस ना असलं काहीतरी", म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी मजकूर असा: जुनी कुंडी घ्या, भोक सिमेंटनं बुजवा, झिरपू नये म्हणून बाहेरून ऑइल पेंट मारा, नळाचं पाणी भरून तुरटी फिरवा, लगेच दोन गोल्डफिश सोडा. पंप नको, पाणी बदलायला नको, डास होणारच नाहीत. १० मिनिटांत तळं तयार.

कुंडीत तळं होतं, त्यावर माझा वाद नाही. जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर तीन वर्षं झाली एक आहे. वाद त्या १० मिनिटांवर आहे.

सिमेंटचा गाढवपणा मी स्वतः केलाय. भोक बुजवलं, दोन दिवस वाळवलं, पाणी भरून चार मोली मासे सोडले, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही आडवे आणि अंगावर दुधावर साय धरावी तसा पांढरट थर. दुकानदाराला जाऊन बोललो बिचाऱ्याला, चूक माझीच होती. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, पाण्याचा पीएच वर चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं, आणि कुंडीत पाणी असतंय किती, १८ इंची कुंडीत जेमतेम ४० लिटर, तेवढ्यात तो चुना पसरून विरळ व्हायला जागाच नाही. सिमेंटच वापरायचं असेल तर दोन-तीन आठवडे पाणी भरा-ओता करत राहा आणि पीएचचे थेंब टाकून बघूनच मासे आणा. नाहीतर ॲक्वेरियमच्या दुकानातलं सिलिकॉन घ्या. बाथरूमचं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध माशांना बाधतं. आणि ज्या कुंडीत वर्षानुवर्षं खत न् कीटकनाशक पडलंय ती तर तळ्यासाठी घेऊच नका.

आता ऑइल पेंट. हे वाचून खरंच हसलो. अरे, माठातलं पाणी गार का राहतं? झिरपतं म्हणून! बाहेर आलेला ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर हे झकास चालतं. त्यावर पेंट मारला म्हणजे सोलापूरच्या ४३-४४ डिग्रीत कुंडीचा हंडा केला, खाली जाळ तेवढा लावायचा राहिला. हां, नुसत्या मातीच्या कुंडीतून पाणी लई जातं हे खरंय. म्हणून मी काय केलंय, कुंडीचं भोक उघडंच ठेवलं, आत एक साधा प्लास्टिकचा टब बसवला आणि मधल्या फटीत वाळू भरली, ती सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाण्यानं ओली करायची, जास्तीचं पाणी खालच्या भोकातून जातं. भोक बुजवायची कटकटच गेली. दुपारी तीनला या टबात हात घाला आणि शेजारच्या झाकलेल्या बादलीत घाला, थर्मामीटर लागत नाही फरक कळायला. वरून ग्रीन नेट मात्र पाहिजेच, मांजर आणि कावळ्यासाठी पण.

पाण्याचं म्हणाल तर नळाला रोज पाणी येत नाही याचा फायदा पहिल्यांदाच सांगतोय. उघड्या बॅरलमध्ये दिवसभर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. ताजं नळाचं पाणी थेट ओतलं तर तोच क्लोरीन कल्ले भाजतो. तुरटी अजिबात नको, ती ॲल्युमिनियमचं मीठ आहे, पाणी नितळ दिसतं पण ते ॲल्युमिनियम कल्ल्यांना चिकटतं.

"लगेच मासे सोडा" यानं सगळ्यात जास्त मासे मरत असतील. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं थोडंफार चालतं. हे जिवाणू बसायला, म्हणजे कुंडी मुरायला, चार ते सहा आठवडे लागतात. नव्या कुंडीत ते नसतातच. मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज किंवा मूठभर खडी आणून टाकली तर काम लवकर होतं. तोवर झाडं लावा, हायड्रिला, छोटं कमळ. मग दोन-तीनच मासे, आणि खाणं चिमूटभर.

आणि गोल्डफिश कशाला? तो वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो आणि जात थंड पाण्याची. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो: २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्राम, ३५ ला ७ च्या आसपास. गप्पी सोडा, काटक असतात.

पंप नको हे मात्र बरोबर, मासे कमी आणि झाडं असतील तर. फक्त झाडंही रात्री ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर गर्दी झाली समजा.

पाणी बदलायला नको? उन्हाळ्यात रोज बोटभर उडतं, आपण वरून भरतो, क्षार तिथंच साचत जातात. माठाला बाहेरून पांढरं येतं ना, तेच आत. आठवड्याला पाव भाग काढून गुलाबाला घाला, गुलाब खूश.

डासांचं अर्धं खरं. अळ्या गप्पी खातात, पण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटतात आणि कोरडी महिनोन् महिने टिकतात. पाणी काढताना टबाची कड घासायची, आणि कुंडीखालची ताटली काढूनच टाका, तिच्यात कुठं मासे असतात?

राहिला प्रश्न पिल्लांचा. गप्पी थेट पिल्लंच घालतात आणि भराभर. जास्त झाली म्हणून कंबर तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नका, ते बाहेरचे मासे आहेत. माझ्याकडं आत्ता तीसेक आहेत, ज्यांची कुंडी महिनाभर मुरलीय त्यांनी डबा घेऊन या, झाकणाला भोकं पाडून. काकू, तुमची अजून मुरायचीय.