क्षमा केलीय दादा, पण दुखतंय अजून

दादा, सलाम. चर्चच्या संस्थेतली माझी नोकरी गेली त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग नाही आला, पण नुसतं ‘धन्यवाद’ टाकून सोडवेना म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की सेवेतली नोकरी गेली तर क्षमा करावी आणि पुढे चालावं, चारचौघात लिहिणं म्हणजे मंडळीची, म्हणजे चर्चच्या आपल्या माणसांची, लक्तरं वेशीवर टांगणं. आणि वर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दाखला, त्यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि मी पगारासाठी रडतोय.

टिळकांनी सोडली हो, पण स्वतःहून सोडली, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा करायचा हे मनात घेऊन. मला एका मंगळवारी दुपारी बोलावलं, दोन ओळींचं पत्र दिलं आणि चाव्या मागितल्या. अकरा वर्षं होतो तिथे. हॉलची चावी रिंगमधून निघेना, नख तुटलं, आणि समोरचे तिघं जण शांतपणे बघत बसले होते, ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. संस्थेचं नाव मी तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहिणार नाही, मग लक्तरं कोणाची टांगली ते सांगा.

पगाराचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू, पोराची फी भरायची होती. पण माझ्या एका मित्राची सातपूरच्या कंपनीतली नोकरी गेली तेव्हा त्याच रविवारी भक्तीत त्याचं नाव घेऊन प्रार्थना झाली, लोक घरी जाऊन भेटून आले. माझ्या वेळी प्रार्थनेसाठी नाव कोण घेणार, नाव घेणाऱ्यांनीच तर काढलं होतं ना. क्वार्टर त्यांचं, मित्र तिथलेच, ज्यांच्यापुढे बसून रडावं ते पाळकसाहेबही त्याच कमिटीत, म्हणजे नोकरी, घर आणि मंडळी एकाच दिवशी गेली आणि सगळ्यात जास्त हे टोचतं की देवानेच नको म्हटलं की काय असं रात्री वाटत राहतं.

तुम्ही वचन दिलंत, मीही देतो. बायबलमधलं दुसरं तीमथ्य हे पत्र, चौथा अध्याय. प्रेषित पौल सरळ नाव घेऊन लिहितो की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, तू पण त्याच्यापासून जपून राहा. (जुन्या नाशकात तांबट लेनवरून जाताना मला हे हमखास आठवतं.) फेड मात्र तो प्रभूवर सोडतो. आणि दोनच ओळींनी म्हणतो की पहिल्या जबाबाच्या वेळी सगळे मला सोडून गेले, त्यांच्याकडून त्याचा हिशेब घेतला जाऊ नये. ज्याने घाव घातला तो वेगळा आणि जे घाबरून गप्प बसले ते वेगळे. मला हे वेगळं करायला सात महिने लागले. गप्प बसलेल्यांना मी मनापासून सोडून दिलंय. त्या तिघांना रोज सकाळी नव्याने क्षमा करतो, काही दिवस जमत नाही, मग दुसऱ्या दिवशी परत.

आणि बायबलमधला एलीया संदेष्टा आठवा. रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खाऊ घातलं. आमच्याकडे शेजारच्या मावशी आल्या होत्या, चर्चच्या नाहीत, पिठलं आणि बाजरीच्या भाकरी घेऊन. काय झालं, कोणी केलं, काही विचारलं नाही, ताटं वाढली आणि म्हणाल्या, आधी जेवा. वचन पाठवणारे चाळीस मेसेज आले होते त्या आठवड्यात, लक्षात राहिलंय ते पिठलं.

समुपदेशनाबद्दलही तुम्ही लिहिलंत, की विश्वासणाऱ्याला याची काय गरज. ज्या रात्री फार वाईट विचार आले तेव्हा बायकोने 14416 ला फोन लावून दिला, सरकारची टेली-मानस सेवा आहे ती, फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्याला गरज असेल त्याने लाजू नये म्हणूनच हे उघड लिहितोय, तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर वाचणाऱ्यासाठी.

शेवटी तुम्ही विचारलंय, चर्चला जाता की नाही. जातो. दुसऱ्या मंडळीत, शेवटच्या बाकावर, गीतं म्हणतो, प्रभुभोजन घेतो. भक्तीनंतर चहाला मात्र अजून थांबत नाही.