बोटीचे जुने इंजिन आणि अर्ध्या तासाचा इलाज

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, विशेषतः सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि माढा तालुक्यांतील बोटवाल्यांमध्ये, एक संदेश मोबाइलवरून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. वर्षानुवर्षे पडून असलेले टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन भंगारात देऊ नका, ते अर्ध्या तासात सुरू होते, असे तो सांगतो. त्याची कृती थोडक्यात अशी : प्लग काढून भोकात डिझेल भरावे, प्लग परत लावून दोरी जोरात ओढावी, पेट्रोलमध्ये हाताशी असेल ते ऑइल घालावे, आणि लिटरला शंभर मिली घालावे, कारण जास्त ऑइलने कधी नुकसान होत नाही, पेट्रोल महाग वाटले तर निम्मे रॉकेल चालते, दोन-तीन मिनिटे पाण्याबाहेर चालवून पाहावे, खालच्या गिअरमध्ये ग्रीस कोंबावे, आणि उजनीचे पाणी गोडे असल्यामुळे पुढे काही करायची गरज नाही.

इंजिन भंगारात देऊ नका, हे संदेशातील पहिले म्हणणे खरे आहे, ते आधी मान्य करतो. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्हची यंत्रणा नसते, हलणारे भाग मोजके असतात, आणि ते नीट ठेवले असेल तर अनेक वर्षांनीही सुरू होऊ शकते. मात्र त्यापुढची कृती लिहिणाऱ्याने इंजिनात ऑइल नेमके कोठून कोठे जाते याचा विचार केलेला दिसत नाही.

चार-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाच्या टाकीत असते आणि फिरून फिरून तेच वापरले जाते. टू-स्ट्रोकमध्ये तशी टाकीच नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल कार्बोरेटरमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, येते, तेथे क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना ओले करते, मग बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते आणि पेट्रोलबरोबर जळून बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक क्षणाचे वंगण त्या क्षणाच्या पेट्रोलबरोबरच यावे लागते. पेट्रोलच्या वाटेत जे काही बिघडते, ते वंगणाच्याही वाटेत बिघडलेले असते.

आता डिझेलची गोष्ट. जाम पिस्टन सोडवण्यासाठी प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडणे ही जुनी आणि योग्य रीत आहे. चूक आहे ती भोक भरून टाकण्यात, प्लग परत लावण्यात आणि जोर करण्यात. द्रव दाबला जात नाही. पिस्टन सुटून वर आला आणि वरची जागा डिझेलने भरलेली असली, तर हाताचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकू शकतो. त्याऐवजी दोन-तीन चमचे गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडून इंजिन एक-दोन दिवस तसेच ठेवावे, आणि प्लग बाहेरच ठेवून फ्लायव्हील हाताने हळूहळू, नेहमीच्याच दिशेने फिरवावे. उलट फिरवू नये, कारण खालच्या पाण्याच्या पंपातील रबरी पाती एका दिशेला मुडपून बसलेली असतात आणि जुने, कडक झालेले रबर उलट मुडपताना तुटते. शिवाय वरून सोडलेले तेल क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. पिस्टन खाली असताना वाटा उघडतात तेव्हाच थोडे उतरते. म्हणून कार्बोरेटर काढून त्याच तोंडाने क्रँककेसमध्येही थोडे टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने बरेच वेळा फिरवावे. ठिणगी तपासताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या बॉडीला टेकलेले असावे आणि भोकातून उडणाऱ्या तेलाच्या फवाऱ्यापासून दूर असावे, एवढी काळजी पुरते.

‘हाताशी असेल ते ऑइल’ हा सल्ला लुना आणि एम-८० यांच्या काळातील सवयीतून आला असावा. त्या काळी सोलापुरातील पेट्रोल पंपावर टू-टी मारून घेतले की गाडी चालत असे, आणि ते त्या गाड्यांसाठी बरोबरही होते. परंतु त्या गाड्यांची इंजिने हवेने थंड होणारी, तापून चालणारी. त्यांच्या ऑइलमध्ये तापलेला कार्बन धुऊन काढण्यासाठी धातूयुक्त रसायने असतात आणि ती जळली की राख उरते. बोटीचे इंजिन पाण्याने थंड होते, पण जवळजवळ सतत भारावर चालते. त्यात ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू लागते. म्हणून आउटबोर्डसाठी राख न सोडणारे वेगळे ऑइल असते आणि त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले असते. मोटारसायकलचे चार-स्ट्रोक ऑइल तर जाळण्यासाठी बनवलेलेच नसते. गाडीतून काढलेले काळे ऑइल घालावे असे काहीजण सांगतात. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो, आणि तोच आपण बेअरिंगांना पाजतो.

लिटरला शंभर मिली हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. ब्रिटिश सीगल या जुन्या इंग्लिश आउटबोर्डच्या कंपनीनेच एके काळी दहास एक (दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) हे प्रमाण सांगितले होते, कारण त्या इंजिनांत साधी बुश बेअरिंगे (रूळ नसलेली, नळीसारखी) होती आणि त्यांना भरपूर ऑइल लागे. पुढे सुईच्या (बारीक रुळांच्या) बेअरिंगांची इंजिने आली, आणि पंचवीसास एक, मग पन्नासास एक हे प्रमाण रूढ झाले. म्हणजे लिटरला अनुक्रमे ४० आणि २० मिलिलिटर. अशा इंजिनात १०० मिली घातले तर जेटमधून (कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या बारीक भोकातून) जाणाऱ्या द्रवातील सुमारे नऊ टक्के भाग ऑइलचा होतो आणि तेवढे पेट्रोल कमी पडते. मिश्रण हलके झाले की ज्वलन अधिक तापते, आणि ज्या गरमीपासून वाचण्यासाठी ऑइल वाढवले तीच वाढते. त्याशिवाय प्लग काळा पडतो, रिंगा खाचेत चिकटतात आणि एक्झॉस्टची वाट कार्बनने बुजते. प्रमाण इंजिनाच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असते, ते पाळावे. बेअरिंगे सुईची आहेत पण प्रमाणाचा उल्लेख कोठेच सापडला नाही, तर पहिल्या टाकीसाठी पंचवीसास एक हे सावध प्रमाण आहे, आणि मापासाठी औषधाचे मिलिलिटरचे पेले उत्तम. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नये.

या सगळ्यात पेट्रोलविषयी संदेश गप्प आहे, आणि मला तीच सर्वांत मोठी उणीव वाटते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ते कोठून येते हे सांगायला नको. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. पावसाळ्यात काठावर अर्धा भरलेला कॅन पडून राहिला आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन बुडाशी बसतात. ऑइल पेट्रोलमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे ते वरच्या थरातच राहते. टाकीतील नळी मात्र बुडातून ओढते. आपण मोजून ऑइल घातलेले असते आणि इंजिनाला ते पोहोचतच नाही. म्हणून जुने मिश्रण वापरू नये, आठवड्याला लागेल तेवढेच करावे, आणि रबरी नळी, हाताने दाबायचा फुगा आणि कार्बोरेटरची वॉशरे इथेनॉल सोसणारी नवी घ्यावीत. कार्बोरेटरचे जेट तारेने कोरू नये. भोक मोठे झाले की मिश्रणाचा सगळा हिशेबच बदलतो.

रॉकेलविषयी थोडक्यात. केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलची आउटबोर्ड इंजिने चालतात, हे खरे. पण ती त्यासाठीच बनवलेली असतात, त्यांचे कॉम्प्रेशन कमी असते आणि ती पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. पेट्रोलच्या इंजिनात निम्मे रॉकेल घातले तर ते ठोके देऊ लागते आणि पिस्टन खाते.

पाण्याबाहेर चालवण्याचा सल्ला मी स्वतः एकदा पाळला आहे. माझे आठ हॉर्सपॉवरचे इंजिन मिनिटभर सुकेच चालवले, आवाज छान आला, आणि नंतर पाण्यात उतरवल्यावर पाठीमागची थंड पाण्याची बारीक धार येईना. खालचा भाग खोलला तेव्हा पंपाच्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती आणि त्यांचे तुकडे थंड पाण्याच्या वाटेत अडकले होते. या रबराला पाणी हेच वंगण आहे. ते काही सेकंदांतच सुके घासू लागते. पडून राहिलेल्या इंजिनाचा इम्पेलर पाहण्यात वेळ घालवू नये, तो सुरू करण्याआधीच बदलावा. चाचणीसाठी दोनशे लिटरचा निळा ड्रम घ्यावा, इंजिन भक्कम लाकडी चौकटीला आवळावे, पंखा (प्रोपेलर) काढावा आणि पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर ठेवावे. धार दिसली नाही तर लगेच बंद करावे. ही चाचणी काठावरच होऊ द्यावी. मे २०२४ मध्ये उजनीकाठच्या कुगाव आणि कळाशी या गावांमधील पाण्यात प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. तो अपघात वाऱ्याचा होता, इंजिनाचा नव्हे. पण वळवाच्या दिवसांत त्या पाण्यात इंजिन बंद पडलेल्या बोटीत बसणे म्हणजे काय, हे काठावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

गिअरमध्ये ग्रीस भरले तर दातांनी ते बाजूला फेकले जाते आणि परत येत नाही. तेथे ९० नंबरचे, शक्यतो बोटीसाठीचेच, गिअर ऑइल लागते. दोन्ही स्क्रू काढून जुने ऑइल गाळावे, मग खालच्या भोकातून नवे दाबत राहावे. वरच्या भोकातून बुडबुड्यांविना ऑइल आले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा, दोन्ही नव्या वॉशरवर. जुने ऑइल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे, आणि आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा हे असते. तो सील कापतो. पंखा काढून तो धागा दर महिन्याला पाहावा.

गोड्या पाण्यामुळे मीठ टळते, एवढेच. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याखाली गेले की काठाजवळ गाळच गाळ असतो. तो इम्पेलर झिजवतो आणि थंड पाण्याच्या अरुंद वाटांत बसतो. हंगाम संपला की ड्रममध्ये स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटे चालवावे, मग पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत कार्बोरेटरच्या तोंडात टू-टी ऑइलचे थेंब सोडत राहावे. पांढरा धूर दाटून आला की ऑइल बेअरिंगांपर्यंत पोहोचले असे समजावे, आणि इंजिन उभेच ठेवावे.